पडद्यावरची पिशवी कधी चुकत नाही

रामबागेतल्या आपल्या रविवारच्या सिनेमा-मंडळात 'एलिट स्क्वाड' हा ब्राझीलचा चित्रपट बघून झाला आणि त्याच रात्री तू मला तीन प्रश्न लिहून पाठवलेस. पोलिस खरंच इतके सडलेले असतात का? तो काळ्या गणवेशातला कॅप्टन नायक की खलनायक? आणि वस्तीतल्या पोराच्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी आवळून माहिती काढतात, तसं आपल्या इंदुरात घडलं तर कायदा काय करतो? "ताई, तुम्ही सत्तावीस वर्षं फौजदारी चालवताय, जरा सविस्तर सांगा," असंही लिहिलंस. सविस्तर सांगते, पण क्रमाने नाही. तुझा तिसरा प्रश्न नीट सोडवला की पहिले दोन बरेचसे आपोआप सुटतात.

आधी रिओचं रिओला देऊ. चित्रपट २००७ चा, दिग्दर्शक जोझे पादिल्या, २००८ साली बर्लिनला त्याला गोल्डन बेअर मिळालं. गोष्ट १९९७ ची. पोप जॉन पॉल दुसरे रिओ दी जानेरोला येणार, त्यांचा मुक्काम एका झोपडपट्टीच्या टेकडीजवळ, म्हणून ती टेकडी रोज रात्री 'साफ' करायचं काम बोपे नावाच्या खास तुकडीकडे येतं. कॅप्टन नॅसिमेंटोची बायको गरोदर, त्याला स्वतःला भीतीचे झटके येतात, त्याला सुटायचंय. म्हणून तो आपल्या जागी बसेल असा माणूस शोधतोय. उमेदवार दोन, नेतो आणि मातियास. मातियास नोकरी सांभाळून तुझ्यासारखाच कायदा शिकतोय, हे तुझ्या नजरेतून सुटलं नसेल.

मंडळात एक काका म्हणाले, "तिथे मिलिटरी उतरवलीय, आपल्याकडे असं नसतं." तिथे लष्कर नाही. ब्राझीलमध्ये राज्याचे पोलिस दोन: वर्दी घालून गस्त घालणाऱ्यांना मिलिटरी पोलिस म्हणतात आणि गुन्ह्याचा तपास करतात ते सिव्हिल पोलिस. बोपे ही त्या वर्दीवाल्यांचीच तुकडी. आपल्याकडे दोन्ही कामं एकाच थाण्यात. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सात निर्देश दिले, त्यातला एक असा की तपास आणि बंदोबस्त वेगळे करा. चर्चासत्रांत हा निर्देश रामबाणासारखा सांगतात. मी तेव्हा गप्प बसते, कारण रिओत हे आधीपासून वेगळं आहे आणि तरी तू रविवारी जे पाहिलंस ते पाहिलंस.

आता भ्रष्टाचार. या चित्रपटात मी खुर्चीत पुढे सरकून बसले ती गोळीबाराला नाही, गॅरेजच्या प्रसंगाला. नेतोला पोलिसांच्या गाड्यांच्या वर्कशॉपवर नेमतात. गाड्यांचे चांगले भाग विकले गेलेत, गाड्या जागेवर उभ्या. मग हे दोघे प्रामाणिक पोरं काय करतात? आकड्यांच्या जुगाराचा हप्ता वरच्या साहेबाकडे निघालेला असतो, तो मधल्यामध्ये उचलतात आणि त्यातून गाड्या दुरुस्त करतात. चोरीच्या पैशातून सरकारी काम! लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण आपला थाना असाच चालताना मी बघत आलेय.

थाण्याचा रोजचा खर्च कोण करतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. चालान, म्हणजे दोषारोपपत्र, सादर करायचं तर त्याच्या प्रती लागतात, कागद लागतो, फोटोकॉपी लागते. आरोपी शोधायला रतलामला जायचं तर डिझेल आज लागतं, बिल मंजूर व्हायचं तेव्हा होईल. बेवारस प्रेत सापडलं की कफन, लाकडं, गाडी, सगळं त्या दिवशीच्या ड्यूटीवरच्या प्रधान आरक्षकाच्या, म्हणजे हेड कॉन्स्टेबलच्या, गळ्यात. तो काय करणार? लॉजवाल्याला फोन करतो. लॉजवाला दोन हजार पाठवतो, हसत पाठवतो. पुढच्या महिन्यात त्या लॉजवर काही घडतं आणि तो प्रधान आरक्षक फिर्याद लिहून घेताना पेन जरा हळू चालवतो. इथे अजून कोणी लाच घेतलेली नाही, बरं का. घेतलाय तो 'खर्चापाण्याचा' पैसा. एकदा ही नळी बसली की तिच्यातून लाकडांचे पैसे किती गेले आणि टीआय, म्हणजे थाण्याच्या प्रमुख साहेबांच्या फ्लॅटचा हप्ता किती गेला, याचा हिशेब मागायला तोंड कोणाला राहत नाही. जप्तीच्या गाड्या थाण्याच्या आवारात बघितल्या असशीलच. तीन वर्षांनी कोर्टाच्या हुकुमाने गाडी सोडवायला गेलं की बॅटरी नसते, स्टेपनी नसते, कधी सीटसुद्धा नसते. पंचनाम्यात मात्र गाडी 'चालू हालत में'.

म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: चित्रपटातला भ्रष्टाचार खरा आहे, आणि त्याचा सगळ्यात खरा भाग हा किराणा-दुकानाच्या वहीसारखा कंटाळवाणा भाग आहे. दिग्दर्शकाने तो घेतला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

कॅप्टनचं पार्श्वभूमीतलं बोलणं आठव. त्याच्या मते रिओच्या पोलिसापुढे तीनच वाटा: खा, तोंड फिरव, नाहीतर युद्धाला निघ. ऐकताना पटतं. पण चौथा माणूस मी पाहिलाय. तो रोजनामचा, म्हणजे थाण्यातली रोजच्या येण्याजाण्याची नोंदवही, खरी लिहितो. एवढंच करतो. त्याच्यावर कोणी चित्रपट काढणार नाही. पण त्याने माझा एक अशील वाचवला, आणि पिशवीची गोष्टही त्याच केसमध्ये आहे, तेव्हा तीच सांगते.

साल २००९. मोटारसायकल-चोरी. पोरगा एकोणीस वर्षांचा, आई घरकामाला जाणारी, बाप गिरणीतून बाहेर फेकलेला. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, कामगारांच्या देण्याचा निकाल लागायला २०२३ उजाडलं. त्या मधल्या बत्तीस वर्षांत परदेशीपुरा-पाटनीपुरा पट्ट्यात जी पोरं वाढली त्यांतला हा एक. थाण्याचं नाव सांगत नाही. कागदावर अटक शुक्रवारी संध्याकाळी. घरातून उचलला मंगळवारी रात्री. या तीन दिवसांत त्याने पाच नावं सांगितली. पाचही पोरं आत. प्रत्येकाचा मेमोरेंडम, म्हणजे वस्तू कुठे आहे ते सांगणारा लेखी जबाब, तयार, प्रत्येकाकडून काहीतरी जप्त, आणि पाचही जप्त्यांना साक्षीदार तेच दोघे, ज्यांना आमच्याकडे 'पॉकेट गवाह' म्हणतात. थाण्यासमोरच्या टपरीवर चहा पिणारी माणसं.

पाचव्या पोराचा खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या बहिणीने पिशवीतून एक कागद काढला. सरकारी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. ज्या रात्री त्याने म्हणे गाडी ढकलत नेऊन सुरू केली आणि पळवली, त्या रात्री तो हाडांच्या वॉर्डात, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. मी माझ्या अशीलाला विचारलं, "अरे, त्याचंच नाव का घेतलंस?" म्हणाला, "मॅडम, चार नाम हो गए थे, वो बोले पाँचवाँ बता. मेरे को और कोई याद नहीं आया."

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं नव्या वकिलांना सांगतेय. मारातून बाहेर पडतं ते मारणाऱ्याला हवं असलेलं. पाच हवे असतील तर पाच, सात हवे असतील तर सात. आता चित्रपट आठव. पिशवी किती वेळा आवळली जाते? आणि एकदाही चुकीच्या माणसावर? एकदाही नाही. प्रत्येक वेळी पोरगा खरंच काहीतरी जाणतो, तो सांगतो ते खरं निघतं आणि गोष्ट पुढे सरकते. चित्रपटाचा खोटेपणा कुठे असेल तर इथे आहे, आणि तो कॅमेऱ्याचा नाही, पटकथेचा आहे. दोन तासांत डिस्चार्ज कार्ड घेऊन येणाऱ्या बहिणीला जागा नसते.

दिग्दर्शकाला काहीच कळलं नव्हतं असंही म्हणणार नाही. सुरुवातीचा तो टेहळणीवाला पोरगा आठवतोय? त्याच्याकडून माहिती काढून त्याला सोडतात, मग त्याला टोळीवाले मारतात, आणि त्याची आई कॅप्टनकडे येते, मुलाचं प्रेत तरी द्या म्हणून. कॅप्टनचे झटके वाढतात ते तिच्यामुळे. या बाईचा प्रसंग मिनिटभराचा असेल, पण मला अख्ख्या चित्रपटात तोच राहिला. मंडळात मात्र त्याच्या आधीच, पिशवीच्या वेळी, मागच्या रांगेतून "असंच पाहिजे" ऐकू आलं. आवाज ओळखीचा होता. गेल्याच महिन्यात त्यांच्या पुतण्याची गाडी चौकात अडवली म्हणून त्यांनी मला रात्री अकराला फोन केला होता. असो.

आता कायदा. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे तू शिकलीस. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५-२६, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. हे कलम कोणी दयाळूपणाने घातलेलं नाही. १८५४ मध्ये मद्रास इलाख्यात छळाच्या तक्रारींची चौकशी करायला आयोग बसला, त्याच्या अहवालातून इंग्रजांना कळलं की महसूल असो की गुन्हा, शिपाई मारूनच कबूल करून घेतात आणि त्या कबुलीवर न्यायाधीश विसंबू शकत नाही. तिथून हे कलम निघालं. म्हणजे माझ्या अशीलाचं 'पाँचवाँ नाम' कायद्याला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे.

मग एवढं असून मार का थांबत नाही? कारण त्याच कलमात एक खिडकी आहे: आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढ्यापुरतं बोलणं चालतं. जुनं २७, आता कलम २३ चंच परंतुक. आमच्या कोर्टात याला मेमोरेंडम म्हणतात. सगळा खेळ या खिडकीतून. पोराला आधी मारायचं, वस्तू कुठे आहे ते काढायचं किंवा वस्तू आपणच ठेवायची, मग मेमोरेंडम लिहायचा, मग चहावाल्या दोघांना घेऊन 'जप्ती' करायची. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय, त्यामुळे चहावाल्यांचं काम थोडं अवघड झालंय. पण व्हिडिओ सुरू होतो तो वस्तू सापडताना. त्याच्या आधीच्या तीन रात्रींचा व्हिडिओ नसतो.

एक योगायोग तुला सांगायचा मोह आवरत नाही. चित्रपटातले पोप खरोखर रिओला गेले ते ऑक्टोबर १९९७ च्या सुरुवातीला. त्याच महिन्यात, १४ तारखेला, भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर सही केली. सही केली, अनुमोदन अजून नाही. त्यासाठी आणलेलं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडकून संपलं. त्यामुळे आपल्याकडे छळ या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. कबुलीसाठी दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२० आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा, दुखापत गंभीर असेल तर दहा. पण सरकारी नोकरावर खटला चालवायला मंजुरी लागते, असा आक्षेप पहिल्याच तारखेला येतो आणि दोन वर्षं त्यातच जातात.

तरीही तू विचारलंस की घरच्यांनी काय करावं, तर हे नीट वाच. पहिली गोष्ट वेळ. पोराला कोणी, किती वाजता, कुठून नेलं, हे त्याच रात्री लिहून कोणाला तरी पाठवायचं; व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी चालेल, त्यावर वेळ असते. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायलाच हवं, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे, आणि हे चोवीस तास कागदी अटकेपासून नाही, प्रत्यक्ष ताब्यापासून मोजायचे असतात. म्हणून ती वेळ सोन्याची. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सुप्रीम कोर्टाने अकरा नियम घालून दिले: अटक पंचनाम्यावर घरच्याची किंवा मोहल्ल्यातल्या कोणा प्रतिष्ठिताची सही, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी, वगैरे. बहुतेक थाण्यांत हे नियम भिंतीवर रंगवलेले आहेत. रंग चांगला असतो.

दुसरी गोष्ट कॅमेरा. परमवीर सिंह सैनी खटल्यात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक थाण्यात, लॉकअपसकट, सीसीटीव्ही लावायला सांगितलं आणि चित्रीकरण किमान वर्षभर ठेवायला सांगितलं. अर्ज पहिल्याच रिमांडला द्यायचा: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतचं चित्रीकरण जतन करा. महिन्याने दिला तर 'डीव्हीआर खराब' असं उत्तर येतं, हे मी लेखी आणून दाखवू शकते.

तिसरी गोष्ट तळपाय. आपल्याकडे पिशवीपेक्षा पट्टा जास्त चालतो, पिठाच्या गिरणीचा. तळपायावर मारलं की वर काही दिसत नाही, चालताना मात्र माणूस टाचा टेकवत नाही. एमएलसीला, म्हणजे पोलिस केसच्या वैद्यकीय तपासणीला, नेतात तेव्हा डॉक्टरसमोर रांग असते, तो शर्ट वर करून बघतो आणि 'नो फ्रेश एक्स्टर्नल इंज्युरी' लिहून मोकळा होतो. चप्पल काढायला कोणी सांगत नाही. वकिलाने अर्जात स्पष्ट लिहायचं की तळपाय तपासावेत. साधी ओळ आहे, पण तिच्यामुळे दोनदा माझ्या बाजूने निकाल फिरलाय.

आणि एक नवी गोष्ट. पूर्वी पहिले पंधरा दिवस संपले की पोलिस रिमांडची टांगती तलवार जायची. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे तेच पंधरा दिवस तुकड्या-तुकड्याने, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत मागता येतात. म्हणजे पोरगा जेलमध्ये गेला म्हणून घरच्यांनी निश्चिंत होऊ नये.

इंदुरात पट्टा या शब्दाचा दुसरा अर्थही आहे, आणि चित्रपटात जे मला अजिबात दिसलं नाही ते त्याच्याशी जोडलेलं आहे. १९८४ च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने झोपडीखालच्या जमिनीचे पट्टे वाटले. पुढे इंदुरात झोपडपट्ट्यांना गटारं, पाणी, रस्ते देऊन शहराच्या जाळ्यात जोडायचा प्रकल्प झाला, त्याला १९९८ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कारही मिळाला. ज्या घरी पट्टा आहे, पक्का पत्ता आहे, तिथला पोरगा जामिनावर लवकर बाहेर येतो. जिथे काहीच नाही तिथे जामीन मंजूर होऊनही पोरगा सेंट्रल जेलमध्ये बसून राहतो, कारण जमानतदार लागतो, जमानतदाराची शेतीची बही, म्हणजे जमीन त्याची असल्याचं पुस्तक, लागते, आणि शहरातल्या वस्तीत बही कोणाकडे? मग कोर्टाबाहेर भाड्याचे जमानतदार मिळतात. तो धंदा वेगळा, त्यावर परत कधीतरी. चित्रपटात फावेला, म्हणजे तिथली झोपडपट्टी, दिसते ती नेहमी बंदुकीच्या टोकावरून. तिथे कोणी भाकरी भाजत नाही, कोणी जामिनाची धावपळ करत नाही.

'नायक की खलनायक'वर मी फार वेळ घालवणार नाही. गोष्ट कॅप्टन सांगतो, म्हणून आपण त्याच्या बाजूला बसतो. अडीच मीटर उंचीच्या पडद्यावर जो बोलतो तोच आपला होतो. दिग्दर्शकाने याचं उत्तर २०१० च्या दुसऱ्या भागात स्वतःच दिलंय: तिथे त्याच कॅप्टनला कळतं की गुंड हटवल्यावर मोकळ्या झालेल्या वस्तीत पोलिसांचेच लोक वसुली करायला बसलेत. केबल, गॅस, मतं, सगळ्यावर. हे कल्पनेतलं नव्हतं. रिओच्या विधानसभेने या 'मिलिशियां'ची २००८ मध्ये चौकशी केली होती. चौकशीचे प्रमुख आमदार मार्सेलो फ्रेइशो यांच्याबरोबर काम केलेली नगरसेविका मारिएल फ्रांको १४ मार्च २०१८ ला गोळ्या घालून मारली गेली, आणि २०२४ मध्ये त्या खुनासाठी दोन माजी पोलिसांना शिक्षा झाली. 'युद्धा'चं म्हणशील तर २०२१ मध्ये जाकारेझिन्यू वस्तीत एका कारवाईत २८ माणसं मेली, त्यांत एक पोलिस. टेकडी अजून साफ व्हायचीच आहे.

आपल्याकडे पिशवीच्या जागी जुलूस आहे. गुन्हा घडला, पोरं पकडली, की त्यांना लंगडत लंगडत त्यांच्याच मोहल्ल्यातून फिरवायचं आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं, "अपराध करना पाप है, पुलिस हमारी बाप है." लोक गच्चीवरून मोबाइल धरतात. कोणत्या कलमाखाली, असं मी एकदा एका अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मौका-तस्दीक." म्हणजे जागेची पडताळणी! २००९ मधल्या त्या पाच पोरांनाही असंच फिरवलं होतं. पाचवा प्लास्टरमुळे जीपमध्ये.

ती केस कशी सुटली ते राहिलंच. डिस्चार्ज कार्डाने पाचवा सुटला. बाकीच्यांसाठी मी रोजनामचा मागवला. मंगळवारच्या रात्रीची नोंद होती: रवानगी नऊ वाजून चाळीस मिनिटं, वापसी साडेअकरा, 'एक संदेही सहित'. नाव नव्हतं, पण कागदी अटक शुक्रवारची आणि वापसी मंगळवारची. नोंद लिहिणाऱ्या प्रधान आरक्षकाला साक्षीला बोलावलं. सरकारी वकिलाने त्याला बराच वेळ घोळवलं. तो एवढंच म्हणाला, "साहब, जो आया था वो लिखा है." साडेसहा वर्षं चाललेल्या खटल्यात ही एका वाक्याची साक्ष. निकालानंतर पंधरा दिवसांत त्याची बदली झाली, आणि ती निकालामुळेच झाली असं मी म्हणणार नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही.

तुला परीक्षा आहेत, माहीत आहे. तरी एका सोमवारी अकराच्या आत कोर्टात ये, माझ्याबरोबर रिमांडला उभी राहा. मॅजिस्ट्रेट मान वर न करता विचारतील, "मारपीट तो नहीं की?" पोरगा उत्तर देण्याआधी क्षणभर थांबेल. तेवढ्यात तो कोणाकडे बघतो, ते बघ. त्याचा हात धरलेला आरक्षक त्याच्या डाव्या बाजूला उभा असेल.